शंभरातले सोळा

ताई गेली त्या सकाळी अंत्यविधीचं सामान आणून देणारा माणूस दारात उभा राहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बाईंची उंची सांगा. बांबू तेवढे मागवतो." मी दाराशीच होते. "पाच फूट पाच," मी म्हणाले. विचार करून नाही. कुणी पत्ता विचारला की तो जसा तोंडातून बाहेर पडतो, तसं ते पडलं. भाऊजी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. पहाटेपासून ते कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "आठ. पाच फूट आठ." तो माणूस एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघू लागला. अशा घरात अशा वेळी तीन इंचांवरून मतभेद त्यानं आजवर पाहिला नसावा. मी म्हटलं, "आठच धरा." आमच्या घराला ताईचे तीन इंच लपवायची सवय होती. ती सुटून आयुष्य गेलं, पण माझ्या जिभेला ते कुणी कळवलं नव्हतं. ताईनं हे ऐकलं असतं तर तोंडावर पदर धरून हसली असती आणि म्हणाली असती, "शालू, निदान आज तरी पाय पसरू दे गं मला."

तेरावा झाल्यावर वाटलं, त्या तीन इंचांबद्दल लिहून ठेवावं. मी नोकरीभर ग्रंथालयात दुसऱ्यांच्या पुस्तकांना क्रमांक घालत बसले. स्वतःचं लिहायला हात हळू चालतो. दिवसाला अर्धं पान होतं, आणि त्यातलंही थोडं दुसऱ्या दिवशी खोडावं लागतं.

आम्ही लालबागला राहायचो, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि एक स्वयंपाकघर. खाली रस्त्यापलीकडे मसाला कुटायची गिरणी होती. उन्हाळा लागला की तिचे लोखंडी मुसळ दिवसभर धपधप पडत आणि मिरचीचा तिखट वास जिना चढून वर येई. पाहुणे शिंकत, आम्ही शिंकत नसू. बाबा कापडगिरणीत विणकर होते. आठ तास यंत्रांच्या खडखडाटात काढून आल्यावर त्यांना घरातले सगळे कुजबुजतायत असं वाटे, म्हणून आम्ही जेवतानाही मोठ्यानं बोलत असू. आई तांदळाच्या भाकऱ्या करी आणि बहुतेक दिवशी बांगड्याचं तिखलं. आणि ताई. ताई परळच्या एका मोठ्या इस्पितळात नर्स होती. गॅलरीतल्या दोरीवर तिचा पांढरा गणवेश वाळत असला की खालच्या मजल्यावरच्यांना आमची दोरी न विचारता ओळखता येई, कारण त्याची कड त्यांच्या खिडकीत लोंबत असे.

ही उंची आली कुठून, हे घरातलं कायमचं कोडं होतं. बाबा पाच फूट चार. आई पाच फुटांना जेमतेम टेकलेली. बाबा म्हणायचे, "माझी आजी उंच होती." आई म्हणायची, "तुमच्या आजीक बघितलाय कोणी?" आणि विषय तिथे थांबायचा. इस्पितळात मात्र त्या उंचीचं कौतुक होतं. बाकीच्या नर्सा सलाईनची बाटली टांगायला स्टूल आणत, ताई नुसता हात वर करी. पेशंट तिला 'लंबू सिस्टर' म्हणत आणि ती ओ देई. घरी आली की तीच ताई स्वयंपाकघराच्या चौकटीतून मान वाकवून आत शिरे आणि बाहेर पडतानाही मान तशीच ठेवी.

ताईचं लग्न जमवायचं काम मामांकडे होतं. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, गिरगावात राहणारे, एका कचेरीत हेडक्लार्क. गिरगावात गेल्यापासून ते शुद्ध बोलत; मालवणी फक्त रागावल्यावर येई, म्हणून ते रागावायचं टाळत. दर रविवारी छत्री घेऊन ते आमच्याकडे येत आणि येताना एखादं स्थळ आणत. स्थळाची माहिती सांगायची त्यांची पद्धत अशी, की शिक्षण आणि नोकरी एका वाक्यात उरकायची आणि मग उभं राहून हात डोक्यावर आडवा धरायचा. "मुलगा इथपर्यंत आहे." हात त्यांच्या टोपीच्या वर असला तर आई चहात आलं घाली. खाली असला तर चहा नुसता.

मुलगा मुलीपेक्षा उंच हवा, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. माझ्याही नव्हती. मामांनी ताईची पत्रिका स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिली होती आणि तिच्यात उंची होती पाच फूट पाच. तीन इंच कुठे ठेवायचे, ते आईनं ठरवलं. एक इंच अंबाड्यात: तो नेहमीपेक्षा खाली, मानेवर घालायचा. उरलेले दोन गुडघ्यांत. साडीच्या आत गुडघे थोडे मुडपून उभं राहायचं आणि तसंच चालायचं. हे सोपं नाही. कुणी करून पाहावं. आई ताईच्या हातात कपबशांचं तबक देऊन तिला खिडकीपासून मोरीपर्यंत चालवी. "वाकू नको गो, वाकल्यासारखा दिसता. नुसती बस, पण उभी रव." ताई हसू आवरत चाले आणि बशा खुळखुळत. साडीही तशाच मुडपलेल्या गुडघ्यांवर नेसवायची, म्हणजे काठ जमिनीला बरोबर टेकतो. हल्ली लग्नाच्या संकेतस्थळावर उंचीचा चौकोन असतो. ताईच्या नातीनं मला तो दाखवला. 'पासून' आणि 'पर्यंत'. मी तिला विचारलं, यात लोक खरं भरतात का. ती म्हणाली, "मावशीआजी, कुणीच नाही." मला जरा बरं वाटलं.

त्या वर्षी मी कॉलेजात पहिल्या वर्षाला होते आणि संख्याशास्त्र हा विषय घेऊन बसले होते. का घेतला ते आठवत नाही. बहुधा त्या रांगेत गर्दी कमी होती. शिकवायला पेठे सर होते. सडपातळ, सावकाश बोलणारे, मुलामुलींना 'तुम्ही' म्हणणारे. सरासरी मला समजली. स्टँडर्ड डेव्हिएशन समजेना. सर फळ्यावर सूत्र लिहीत, आम्ही उतरून घेत असू, आणि उत्तर बरोबर आलं तरी ते कशाचं उत्तर आहे हे मला सांगता येत नसे.

ते समजलं भाकरीवर. एक दिवस आईला पाटा-वरवंट्याशी काम होतं म्हणून भाकऱ्या मी थापल्या. बाबांनी आदल्या दिवशीची आईची भाकरी आणि माझी भाकरी ताटात शेजारी ठेवली आणि गंभीरपणे विचारलं, "ही भाकरी, आणि ह्या काय?" मी चिडून पट्टी आणली. आईच्या भाकऱ्या मोजल्या, माझ्या मोजल्या. चार दिवस हाच उद्योग केला. बाबा म्हणत, "खावची सोडून मोजतंस कित्याक?" गंमत अशी निघाली की दोघींची सरासरी एकच होती, आठ इंच. पण आईची कुठलीही भाकरी आठापासून पाव इंचापलीकडे सहसा जात नव्हती, आणि माझी इंचभर इकडे नाही तर इंचभर तिकडे, असं हमखास चाललं होतं. नऊ इंची भाकरी माझ्या दुरडीत निघाली तर ती रोजचीच गोष्ट. आईच्या दुरडीत निघाली तर आईला ताप आलाय का ते बघायला हवं. जास्तीचा इंच तोच. पण आईचं नेहमीचं पाऊल पाव इंचाचं, म्हणून तिच्या हिशेबात ती चार पावलं लांब. माझ्या हिशेबात एकच.

दुसऱ्या दिवशी हे सरांना सांगितलं तर ते प्रथमच हसले. "त्या पावलालाच स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणतात. आणि एखादी भाकरी मधल्यापासून किती पावलं लांब आहे, तो तिचा झेड स्कोअर. तुम्हाला आता हे पुस्तक नाही उघडलं तरी चालेल." मग त्यांनी फळ्यावर घंटेसारखी रेघ काढली. निसर्गातल्या पुष्कळ गोष्टी अशाच पसरतात, ते म्हणाले. मध्ये गर्दी, आणि दोन्ही कडांना जावं तसं विरळ. मधल्यापासून एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे, एवढ्यात शंभरातले अडुसष्ट मावतात. दोन-दोन पावलांत जवळजवळ पंच्याण्णव. त्याला नॉर्मल म्हणतात. मग आम्हाला काम दिलं: आपापल्या आसपासचं काहीतरी मोजून आणा आणि घंटा होते का बघा.

मी काय मोजणार हे ठरलेलंच होतं. चाळीतल्या साठ पुरुषांना मी दारोदार जाऊन उंची विचारली आणि आकडे लिहून नेले. सरांनी वही पाहिली. "तुमच्या चाळीला काही विकार आहे का? पाच-चार, पाच-पाच जवळपास कुणीच नाही, आणि पाच-सहा एकदम एकतीस जण." मी म्हटलं, त्यांनी तसंच सांगितलं. "पुरुषांना उंची विचारायची नसते," सर म्हणाले. "मोजायची असते."

मग मी गॅलरीच्या खांबाला शिंप्याची टेप चिकटवली. चपला काढा, टोपी काढा, टाचा खांबाला. आठवडाभर संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर रांग लागे. पाच-सहा सांगणारे एकतीस जण श्वास रोखून, छाती काढून उभे राहत आणि पाच-चार भरत. एक काका तर खांबच तिरका आहे म्हणाले. मी घरात येऊन फरशीवर चिंचोके मांडले, एका माणसाचा एक, इंचागणिक एक ओळ. आणि खरंच घंटा झाली. मध्ये पाच-चारच्या ओळीत चिंचोक्यांचा ढीग, दोन्हीकडे उतरत गेलेला, आणि उजवीकडे अगदी टोकाला एकटा एक चिंचोका: तळमजल्यावरचे हवालदार. मी ते बघत बसले. इतक्या भांडखोर माणसांनी कुणी न सांगता अशी शिस्तीत रांग धरावी, याचं मला फार नवल वाटलं. नंतर आईनं केर काढला आणि हवालदारांसकट सगळी चाळ सुपलीत गेली.

आकडे वहीत होते. सरासरी चौसष्ट इंच, पाऊल दोन इंचांचं. ताई अडुसष्ट. म्हणजे ताई पुरुषांच्या घंटेतही मधल्यापासून दोन पावलं लांब. दोन पावलांत पंच्याण्णव मावतात, बाहेर उरतात पाच. त्यातले अर्धे ठेंगणे, अर्धे उंच. मी घंटेचं उजवं टोक पेन्सिलीनं काळं केलं आणि ताई कामावरून आल्याआल्या तिला सांगितलं, "तुझ्याहून उंच पुरुष शंभरात अडीच असतात."

ती पायावर पाणी घेत होती. "अडीच? त्यातला अर्धा कुणाला देतात?"

"थट्टा नको. हे शास्त्र आहे."

"बरं. त्या अडीचात हवालदार धरले का? त्यांना तीन मुलं आहेत."

ती हसली, मीही हसले. मला वाटलं गोष्ट संपली. मी सतरा वर्षांची होते आणि आकडा बरोबर आला की काम झालं, असं समजत होते.

त्याच सुमाराला मामांनी वरळीचं स्थळ आणलं होतं. मुलगा पाच फूट नऊ, विमा कचेरीत. मामांचा हात टोपीच्या इतका वर गेला होता की आईनं चहात आलं आणि वेलची दोन्ही घातली. मुलगा एकदा येऊन ताईला बघून गेला होता, भला वाटला होता. त्याच्या आईच्या दोन अटी होत्या. मुलगी मुलापेक्षा चार इंच तरी लहान दिसायला हवी, आणि लग्नानंतर इस्पितळातली नोकरी सोडायला हवी, कारण रात्रपाळी करणारी सून त्यांना नको होती. पहिल्या अटीची तयारी आमच्या घरी चाललीच होती. दुसरीवर ताई दोन आठवडे गप्प होती. मी अडीचांचं शास्त्र सांगितल्यानंतरच्या रविवारी ती मामांना म्हणाली, "होय कळवा वरळीला." मामांनी छत्री उघडून मिटली. आईनं देवापुढे साखर ठेवली. बोलणी करायला दोन आठवड्यांनंतरचा रविवार ठरला.

मी तिला मोरीत गाठलं. "नोकरी सोडणार?"

"सोडेन."

"पण तुला तर सोडायची नव्हती."

ती भांडं घासत राहिली. "शालू, आईचं तोंड बघवत नाही दर रविवारी. आणि तूच काढलेस ना, शंभरात अडीच? मग एक दारात आलाय त्याला काय म्हणून परत पाठवू?"

ताईनं आयुष्यात माझं पुष्कळ ऐकलं नाही. फ्रिज घेऊ नको म्हटलं तेव्हा घेतला, डॉक्टरकडे लवकर जा म्हटलं तेव्हा गेली नाही. तेव्हा मात्र ऐकलं. ते कसं वाटतं, हे मला त्या मोरीच्या उंबऱ्यावर पहिल्यांदा कळलं.

वही मी सरांकडे दिली होती. तीन दिवसांनी त्यांनी तासानंतर थांबवलं. "आकडेमोड बरोबर आहे. घंटा सुंदर आहे. हा उजवा कोपरा कशासाठी काळा केलाय?"

मी सांगितलं. ताईचं नाव न घेता, 'एक मुलगी' असं म्हणून. सरांना कळलं असावं. ते वहीकडेच बघत राहिले.

"माणसं कुठली ही?"

"आमच्या चाळीतली."

"चाळीत राहायला कशी आली?"

"एकाच्या ओळखीनं दुसरा. मालवणकडच्या तीन गावांतले आहेत सगळे. कुणी काका, कुणी पुतणे."

"म्हणजे एकाच घराण्याची उंची तुम्ही साठ वेळा मोजलीत," सर म्हणाले. "आपल्या चाळीबद्दल तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. पण ती मुलगी काय चाळीतच लग्न करणार आहे?"

घरी येईपर्यंत माझे कान गरम झाले होते. साऱ्या जगाची उंची मी आमच्या तिसऱ्या मजल्यावरून काढली होती. ताईला सगळं सांगितलं तेव्हा तिनं केसांतली पिन दातांत धरून ऐकून घेतलं. मग पिन काढून म्हणाली, "पुरुष हवेत ना तुला मोजायला? माझ्या वॉर्डात रोज चाळीस पडलेले असतात. भोईवाड्याचे, वरळीचे, साताऱ्याचे, नगरचे, पार उत्तरेकडचे. प्रत्येकाची उंची भरतीच्या वेळी मोजून कागदावर लिहितात. नावं नको, आकडे आणते."

दोन दिवसांनी तिनं घडी केलेला कागद आणला. शंभर आकडे, दहाच्या दहा ओळी, टाइप केल्यासारखे सुबक. ताईचं अक्षर कसं होतं ते मला ठाऊक होतं. तिचा सात आणि नऊ ओळखू येत नसे.

"हे कुणी लिहिलं?"

"एक्स-रे खात्यातले एक जण आहेत. मला वेळ नव्हता."

मी पुन्हा गणित मांडलं. सरासरी साडेपासष्ट इंच. पाऊल अडीच इंचांचं, कारण नाना तऱ्हेची माणसं होती. ताई अडुसष्ट. म्हणजे एकच पाऊल. एका पावलात अडुसष्ट मावतात, बाहेर बत्तीस, त्यातले निम्मे उंच. मी नवी घंटा काढली आणि उजवीकडचा भाग काळा केला. या वेळी पेन्सिलीला टोक करावं लागलं, इतका तो मोठा होता. "ताई, सोळा. शंभरात सोळा." ती माझ्या खांद्यावरून वाकून बराच वेळ बघत राहिली. तिनं कागदावरच्या काळ्या भागावर बोट ठेवलं, मग ते बोट घंटेच्या मध्यापर्यंत नेलं, आणि मग दिवा लावायला उठली.

बोलण्यांच्या रविवारी वरळीच्या बाई, त्यांचा मुलगा आणि मामा आमच्या खोलीत बसले. आईनं नारळाच्या वड्या केल्या होत्या. ताईला मुडपलेल्या गुडघ्यांवर साडी नेसवली होती, अंबाडा मानेवर होता, तबक न खुळखुळता आलं. मुहूर्ताचं बोलणं झालं, कार्यालयाचं झालं. मग बाई म्हणाल्या, "दोघं एकदा शेजारी उभे राहा बघू. जोडा कसा दिसतो ते पाहू."

"राहा ना, प्रमिला, सावकाश उभी राहा," मामा म्हणाले. सावकाश हा शब्द त्यांनी आईकडे बघून उच्चारला.

मुलगा उठून उभा राहिला. ताई त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आईनं शिकवलं होतं तशी. क्षणभर सगळं ठीक होतं. मग मी पाहिलं, साडीचा काठ जमिनीवरून उचलला जातोय. आधी पायाची बोटं दिसली, मग पावलं, मग घोटे. खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा खाली काठाकडे गेल्या आणि तिथून हळूहळू वर आल्या. ताई सरळ उभी होती. तिचे आणि त्या मुलाचे डोळे एका रेषेत होते.

"पत्रिकेत पाच-पाच लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"उतरवताना चूक झाली असेल," मामा म्हणाले. पत्रिका त्यांच्याच अक्षरातली होती.

"पाच-आठ आहे मी, काकू," ताई म्हणाली. "आणि नोकरी मी सोडणार नाही. होय म्हणाले होते ते चुकलं माझं."

बाईंनी मुलाकडे पाहिलं. तो आपल्या मोज्यांकडे बघत होता. "आई," तो म्हणाला, "मी पण पाच-आठच आहे. नऊ तू लिहिलंस."

वरळीच्या बाई सभ्य होत्या; त्यांनी वडी संपवली, पाणी प्यायल्या आणि उठल्या. जाताना तो मुलगा ताईकडे बघून किंचित हसला. मला तो तेव्हा आवडला. तो जिना उतरेपर्यंत मामांनी दम धरला आणि मग सगळं गिरगाव त्यांच्या तोंडातून एकदम नाहीसं झालं. "ह्या काय केलंस गो? आता खंयसून आणू तुका घोव?" आईच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिला सुचलं ते एवढंच: "आधी साडी नीट कर. घोटे दिसतत." बाबा भिंतीला टेकून बसले होते. स्थळांच्या उंचीबद्दल, अटींबद्दल, ते इतके महिने काहीच बोलले नव्हते. ते म्हणाले, "गुडघे दुखायचे काय गो तुझे?"

"होय, बाबा," ताई म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

मामा पाच-सहा रविवार आले नाहीत. मग आले, छत्रीसकट. मी त्यांना माझी नवी घंटा दाखवली आणि शंभरातले सोळा समजावून सांगितले. हेडक्लार्कला आकडा पटतो. ते नव्या उमेदीनं त्या सोळांच्या शोधाला लागले आणि वर्षभर गिरगाव, दादर, परळ पालथं घालत राहिले.

अशाच एका रविवारी ताई एका गृहस्थांना घेऊन घरी आली. एक्स-रे खात्यातले. ते दारात चपला काढत असतानाच मामांची नजर त्यांच्या डोक्यावरून ताईच्या डोक्याकडे गेली आणि तिथेच राहिली. गृहस्थ बाबांशी बोलत बसले. त्यांना गिरणीबद्दल विचारायचं पुष्कळ होतं आणि ते मोठ्यानं बोलत, त्यामुळे बाबा खूष होते. चहा पिऊन ते गेले. मग ताईनं सांगितलं की तिनं ठरवलंय.

मामांनी आवाज सांभाळला. "प्रमिला, माणूस चांगला दिसतो. पण उंची?"

"पाच-चार."

"तो तुझ्या कानापर्यंत येतो."

"हो ना. म्हणून हळू बोललं तरी मला ऐकू येतं."

आई तोंडाला पदर लावून आत गेली. हसायला की रडायला, ते नीट कळलं नाही. मामांनी आता माझ्याकडे मोर्चा वळवला. "शालू, काढ ती वही. सोळा म्हणाली होतीस ना? शास्त्र आहे म्हणालीस. मी वर्षभर वणवण केली त्या सोळांपायी. हा त्या सोळांत कुठे बसतो, दाखव मला."

मी वही काढली. घंटेचा उजवा भाग अजून काळाभोर होता. पेन्सिलीचा चुरा समोरच्या पानालाही लागला होता. उरलेल्या चौऱ्याऐंशींची जागा कोरी होती. तिच्याबद्दल घरात कुणी काही विचारलं नव्हतं, आणि मलाही विचारावंसं वाटलं नव्हतं. मी पेन्सिल घेऊन त्या काळ्या भागात जागा शोधू लागले. ताई आली, माझ्या हातातली पेन्सिल घेतली, आणि मधल्या गर्दीच्या जरा डावीकडे, त्या कोऱ्या जागेत, एक बारीक टिंब दिलं.

"हा इथे," ती मामांना म्हणाली.